वाटा, बारी आणि सुटं गाणं

उक्षी स्टेशन मागे पडलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. चवथीला गावी निघालेल्या गर्दीत बसायला जागा मिळाली होती हेच नशीब, त्यामुळे मी डोळे मिटून गाणी ऐकत होतो. शेजारी भाचा. गाव कुडाळजवळचं, पण शिकायला चिपळुणात माझ्याकडे असतो. हा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे आमच्या गाडीच्या चालीनं दोन गाण्यांएवढा अंधार. रेंज गेली. त्याच्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं आणि माझं गाणं चालूच.

"मामानू, तुमचा कसा काय चालू?"

"अख्खा अल्बम उतरवून ठेवलाय."

"अल्बम कोण ऐकता आता? गाणा आवडला तर ठेवचा, नाय तर फुडे."

रत्नागिरी येईपर्यंत मला धड उत्तर सुचलं नाही. अल्बम की सुटं गाणं हा वाद वरवर आवडीनिवडीचा दिसतो. मुळात तो भांड्याचा आणि पैशांचा आहे. आणि इंडी पॉप नावाच्या एका छोट्या, हट्टी जगात तो इतका उलटापालटा झालाय, की आज अल्बमची बाजू घेणारे माझ्यासारखे लोक १९८८ साली इंग्लंडात असते तर बहुधा सुट्या गाण्याचं निशाण खांद्यावर घेऊन फिरले असते.

आधी भांडं. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचंच का असतं? मिनिटाला ७८ फेरे मारणारी जुनी दहा इंची तबकडी एका बाजूला तेवढंच पोटात घ्यायची म्हणून. ती तबकडी लाखेची, आणि लाख आपल्याकडून जगभर जायची. तासभर ख्याल आळवणाऱ्यांनीसुद्धा मग राग त्या मापात बसवला. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी भैरवीत गायलेली अशीच एक छोटी चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली आणि आता ती सूर्यमालेच्या वेशीपल्याड आहे. माणसानं सगळ्यात लांब धाडलेला संगीताचा नग हा निवडक गाण्यांचा संग्रह आहे, हे मी भाच्याला सांगितलं नाही. उगाच माझ्या बाजूनं ओढून आणल्यासारखं झालं असतं.

लांबलचक रचना विकायची तर एका तबकडीत ती मावायची नाही. मग पाच-सहा तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून देत. वहीची पानं म्हणजे कागदी पाकिटं, फोटोंच्या अल्बमसारखी. नाव तिथून चिकटलं. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारा इंची लाँग प्ले तबकडी काढली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे अख्खी वही एका तबकडीत. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. बाजूला एकेक गाणं, किंमत कमी, पोरासोरांच्या खिशाला परवडणारी. अल्बम आणि सिंगल ही दोन नावं आज आपण ज्या अर्थानं घेतो, ते या दोन आकारांचे दोन वारस आहेत.

या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग इथे येतो. तबकडी फिरते सारख्याच वेगानं, पण कडेला असताना सुई एका फेऱ्यात जेवढी वाट कापते, त्याच्या निम्म्याहून कमी वाट ती मध्याजवळ कापते. तेवढ्याशा वाटेत तेवढाच आवाज कोंबायचा म्हटल्यावर वरचे, चिरके सूर मळकट होतात, 'स' आणि 'श' फुटतात. म्हणून दणदणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवायचं आणि संथ, मोजक्या वाद्यांचं शेवटाला, अशी रीत पडली. अल्बमच्या शेवटाला हळवं गाणं येतं आणि आपण म्हणतो, काय सुंदर निरोप घेतलाय. त्यातला थोडा वाटा सुईचाही असतो. शिवाय पहिली बाजू संपली की उठून तबकडी उलटायची, म्हणजे एका अल्बमला दोन सुरुवाती आणि दोन शेवट. रचनाकारांनी या अडचणींचंच नक्षीकाम केलं.

आता पैसे. बाजारात कोळंबीचा वाटा घेताना काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. वर दोन-चार टपोरी, मिशा पसरून बसलेली, आणि खाली बारकी. टपोरी तेवढी वेगळी द्या म्हटलं तर मावशी तोंडाकडे बघतात. १९९० च्या दशकातली सीडी अशीच विकली गेली. रेडिओवर वाजलेली दोन गाणी वर, खाली दहा भरताड, आणि किंमत अख्ख्या वाट्याची. सुटं गाणं विकायचंच कंपन्यांनी हळूहळू कमी केलं होतं. म्हणून २००३ साली ॲपलनं आयट्यून्सच्या दुकानात ९९ सेंटला एक गाणं द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी टपोरी निवडून घेतली आणि बारकी तिथेच ठेवली. यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खालची कोळंबी खरंच खराब असेल तर वाट्याची महती सांगण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे ही निवडानिवड आधीच सुरू होती, वेगळ्या वाटेनं. आखातात कामाला गेलेल्यांनी टू-इन-वन आणले, गावोगाव कॅसेटी पोचल्या, आणि कोरी कॅसेट व गाण्यांची यादी दिली की भरून देणारी दुकानं निघाली. आमच्या घरात साठ मिनिटांच्या कॅसेटी होत्या त्यांतल्या निम्म्या अशाच भरलेल्या. त्यांचं एक वाईट होतं: एखादं गाणं बाजू संपताना मधेच तुटायचं, आणि ते तुटलेलंच पाठ व्हायचं. एका भावगीताचं शेवटचं कडवं मी विशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

आता इंडी पॉप. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेलं. पण इंडी पॉप म्हटलं की जाणकारांच्या कानात एक विशिष्ट आवाजही वाजतो: छमछमती गिटार, गोड चाल, थोडा लाजरा गळा, घरगुती ध्वनिमुद्रण. हे सगळं आलं ब्रिटनमधून. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची छोटी तबकडी स्वतःच काढली. ते पंक, म्हणजे रांगडं, आरडाओरडीचं रॉक होतं, पॉप नव्हे, पण कंपनीशिवाय तबकडी निघू शकते हे त्यानं दाखवून दिलं. मग ग्लासगोत पोस्टकार्ड, लंडनमध्ये रफ ट्रेड अशी घरच्या चुलीवरची लेबलं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्या, उभी राहिली. १९८६ साली एनएमई या साप्ताहिकानं अशा बावीस बँडांची एकेक चीज घेऊन सी८६ नावाची कॅसेट काढली, आणि त्या आवाजाला लोक त्याच नावानं ओळखू लागले.

हे सगळे सिंगलवाले. कारण साधं आहे. उसन्या पैशांत आणि दोन दिवस मिळालेल्या स्टुडिओत दोन-चार गाणीच होतात, आणि नव्या बँडकडे बहुतेक वेळा चांगली गाणी तेवढीच असतात. पण गरजेचं पुढे तत्त्व झालं, आणि ते सगळ्यात कडवेपणानं पाळलं ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सनं.

क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ साली हे लेबल सुरू केलं. तेव्हा मोठ्या कंपन्यांची रीत अशी होती: एक गाणं सात इंचीवर काढायचं, तेच जास्तीचं एक गाणं जोडून बारा इंचीवर काढायचं, मग तेच अल्बमवर घालायचं. चाहता बिचारा एका गाण्यासाठी तीनदा पैसे मोजणार, कारण चाहता असतोच तसा. सारावाल्यांना ही लूट वाटायची. म्हणून त्यांच्याकडे सात इंची तबकडीला मान. सिंगलवर आलेलं गाणं सहसा अल्बमवर पुन्हा यायचं नाही. एकदा घेतलंत, झालं. शाळकरी पोराला पॉकेटमनीत घेता येईल ती खरी कला, असा त्यांचा रोख होता. आणि ही भूमिका नुसती बाजाराची नव्हती, राजकीयही होती. सिंगल म्हणजे पोरकट, अल्बम म्हणजे प्रौढ आणि गंभीर, ही रॉकच्या जाणत्या मंडळींची उतरंडच त्यांना मान्य नव्हती.

ते आपल्या प्रत्येक नगाला क्रमांक देत, आणि त्या क्रमांकांचीही एक गंमत आहे. पन्नासाव्या क्रमांकावर गाणं नव्हतंच, पटावर खेळायचा एक खेळ होता. काही क्रमांक फॅन्झीनना, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या घरगुती मासिकांना दिलेले. संग्रहांना नावं ब्रिस्टल परिसरातल्या ठिकाणांची. उद्या कुणी आपल्या गाण्यांच्या संग्रहांना 'बहादूरशेख नाका', 'साळवी स्टॉप', 'पिंगुळी तिठा' अशी नावं द्यावीत तसं. आणि १९९५ साली शंभरावा क्रमांक काढून त्यांनी लेबल बंद केलं. तोट्यात होतं म्हणून नव्हे, शंभर झाले म्हणून. शंभर सुटे नग, पण मागे वळून बघितलं तर ती एक अखंड रचना. आजही चाहते गाण्याच्या नावाआधी त्याचा क्रमांक सांगतात.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा एक अभ्यासक्रम होता. विद्यार्थी मिळून दरवर्षी एका बँडचं एक सिंगल काढत. १९९६ साली त्यांनी निवडलेल्या बेल अँड सबॅस्टियनकडे गाणी इतकी होती की सिंगलऐवजी अख्खा अल्बमच निघाला, 'टायगरमिल्क', फक्त १,००० तबकड्या. पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, याच बँडनं तीन ईपी काढले. ईपी म्हणजे सिंगलहून मोठं आणि अल्बमहून लहान, चार-पाच गाण्यांचं मधलं माप. एचएमव्हीच्या चार मराठी गाण्यांच्या छोट्या तबकड्या ज्यांच्या घरात होत्या त्यांना ते ठाऊक असेल. या तीन ईपींतली एखाददुसरं सोडून बाकी गाणी कुठल्याही अल्बमवर घातली नाहीत. तिन्ही ईपी एका पेटीत मिळू लागले ते २००० साली, आणि एकत्र संग्रह आला तो २००५ साली. मधली काही वर्षं ज्याच्याकडे ते ईपी होते तो मानाचा, आणि ज्याच्याकडे फक्त अल्बम तो पाहुणा.

इंडी पॉपच्या चाहत्याची मूल्यं समजून घ्यायची तर हा पाहुण्याचा मुद्दा महत्त्वाचा. तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं, बी-साइड, हा त्याचा खजिना. द स्मिथ्स या ब्रिटिश बँडचं 'हाऊ सून इज नाऊ?' हे आज जगभर ओळखलं जाणारं गाणं १९८४ साली पहिल्यांदा आलं तेव्हा ते एका सिंगलची बी-साइडच होतं. कंपनीला वा बँडला जे दुय्यम वाटलं, ते उलटून ऐकणाऱ्याला सापडलं. सगळ्यांना सहज मिळतं त्यापेक्षा आपण खटपट करून मिळवलं ते जास्त आपलं वाटतं. यात थोडा अहंकार आहे, मी नाकारत नाही.

मग आज हेच चाहते अल्बमच्या बाजूला का गेले? कारण बाजार दुसऱ्या अंगावर वळला.

स्ट्रीमिंगवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा वाजलं अशी नोंद होते. म्हणजे सुरुवातीची लांबण परवडत नाही. स्पॉटिफायवर कलाकाराला आपलं येणारं गाणं प्लेलिस्टच्या संपादकांपुढे ठेवता येतं, पण एका वेळी एकच. दहा गाण्यांचा अल्बम एकदम काढला तर दार ठोठवायची संधी एक. तीच दहा गाणी महिन्याला एक अशी काढली तर संधी दहा. यात आणखी एक भर २०२४ पासून पडली: बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथून पैसेच मिळत नाहीत. छोट्या बँडच्या अल्बममधलं आठवं, नववं गाणं, ते सावकाश मुरणारं, नेमकं तिथेच गळतं. आढीत घातलेला आंबा चौथ्या दिवशी दाबून बघायचा आणि अजून कडक आहे म्हणून फेकायचा, अशातली गत.

मोठ्यांचं गणित निराळं. अमेरिकेत २०१४ च्या शेवटापासून अल्बमच्या तक्त्यात स्ट्रीम मोजायला लागले आणि १,५०० वेळा वाजणं म्हणजे एक अल्बम खपला असं धरलं. मग पंचवीस-पंचवीस छोट्या गाण्यांचे फुगवलेले अल्बम निघाले, कारण गाणी जास्त तर आकडा जास्त. म्हणजे अल्बम आहे म्हणून तो गंभीर, असंही काही राहिलं नाही. भरताड परत आलं, फक्त आता त्याचा हिशेब किती वेळा वाजलं त्यावर होतो.

या सगळ्यात क्रम हरवला. २०२१ च्या नोव्हेंबरात ॲडेलच्या आग्रहामुळे स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं, गाणी उलटसुलट वाजवणारं बटण पुढून काढलं. एवढ्या मोठ्या गायिकेला 'माझी गाणी मी लावली त्या क्रमानं वाजवा' हे मागून घ्यावं लागलं. छोट्या कलाकारांचे चाहते दुसरीकडे वळले. बँडकॅम्पवर, जे २००८ पासून आहे, थेट कलाकाराकडून अल्बम विकत घेता येतो. डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडते. आणि तबकडी? २०२२ साली अमेरिकेत नगांच्या हिशेबात तबकड्या सीडींच्या पुढे गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा.

भारतात स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, आणि आपली इंडी मंडळी दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहेत. प्रतीक कुहाडचं नाव जगभर झालं ते २०१८ च्या एका ईपीमुळे. त्यातलं शीर्षकगीत पुढच्या वर्षी बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं. द लोकल ट्रेननं २०१५ आणि २०१८ मध्ये सरळ अल्बम काढले आणि त्यांच्या कार्यक्रमांत लोक अल्बमच्या मधल्या गाण्यांवरही ओरडून गातात. अनुव जैननं नाव कमावलं ते एकेक सुटं गाणं सोडत. मराठीत २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' एकट्याच्या बळावर कुठल्या कुठे पोचलं. त्याला अल्बमची गरज कुणाला भासली नाही, मलाही नाही.

आणि सुटं सुटं येऊनही एकसंध राहता येतं हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, वर्षाहून थोडं जास्त, एकूण छप्पन्न. गदिमा लिहीत, फडके चाल लावत, आठवडा सरत आला की धावपळ. आजच्या भाषेत ती छप्पन्न सिंगल. पण क्रम हलवून बघा. सेतू आधी आणि वनवास नंतर, कसं चालेल?

एवढं सगळं भाच्याला मी राजापूर ते वैभववाडी सांगितलं. त्यानं अर्धं ऐकलं असावं. शेवटी म्हणाला, "म्हणजे आपली बारी." आणि मी गप्प, कारण माझ्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा ते नेमकं होतं. भजनाची बारी क्रमानंच चालते. आधी रूपाचा अभंग, मग चढत जायचं, गवळण, गजर, आणि शेवट भैरवी. मंडळागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण भैरवी मधे घेतलेली कुणी ऐकली आहे? डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, तर समोरच्या बुवांनी जे टाकलं त्याचं उत्तर पुढच्या चीजेत असतं. एकच तुकडा ऐकणाऱ्याला टोमणा कळतो, तो कुणाला आणि का मारला ते कळत नाही. पण दुसऱ्या बाजूनं, गजर असा असतो की तो तेवढाच उचलून न्यावासा वाटतो. पखवाज चढलाय, टाळ तापलेत, सगळे उभे. मोबाइलवर तेवढाच फिरतो आणि तेवढा पुरतोही.

चवथीच्या दुसऱ्या रात्री घरी भजन झालं. काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, चहा, मग पुन्हा भजन. भाचा गणपतीसमोर कोपऱ्यात मोबाइल धरून बसला होता. सकाळी बघतो तर गजराचा अर्धा-पाऊण मिनिटाचा तुकडा गावाच्या ग्रुपवर, वाडीतल्या प्रत्येकाच्या फोनवर वाजतोय. दुपारी बुवा आरतीला आले ते थेट त्याच्याकडेच.

"गजर बघितलंय. भैरवी खय आसा रे?"

"उद्या टाकतंय, बुवानू. एकदम सगळा टाकलंय तर कोणच बघूचो नाय."